चौथ्या गाण्यातलं घूं

गाण्याची खोली ही घरातली सगळ्यांत लहान खोली होती, आणि गाण्याखेरीज तिच्यात एक लाकडी कपाट, एक शिडी, इस्त्रीचं टेबल आणि पाहुण्यांची गादी एवढी मंडळी राहत होती. या खोलीसाठी चांगले स्पीकर निवडायचं काम निरीक्षकांकडे आलं, आणि त्यासाठी त्यांच्या हातात एकवीस दिवस होते. बाविसाव्या दिवशी त्यांच्या बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन होतं.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण गल्ली त्यांना अजून निरीक्षकच म्हणायची, आणि ते समोरून आले की भाजीवाले उगाचच तराजूची दोरी सरळ करायचे. बायको गाणं शिकवायची. शिष्य तिला बाई म्हणत, म्हणून सगळेच बाई म्हणत. बाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. गाठ साधी आहे, काढली की संपलं, असं सर्जन म्हणाले. फक्त आवाजाची नस तिच्या अगदी शेजारून जाते, त्यामुळे शंभरातल्या दोघातिघांचा आवाज नंतर बदलतो. बाईंनी मान डोलावली आणि तारीख विचारली. निरीक्षकांच्या डोक्यात मात्र ते शंभरातले दोघेतिघे जे जाऊन बसले, ते उठायचं नाव घेईनात.

अडचण अशी की तीस वर्षांत बाईंनी शिष्यांसाठी ज्या चाली बांधल्या, त्यांतली एकही कागदावर नव्हती. सगळ्या त्यांच्या गळ्यात होत्या. म्हणून दोन महिने दोघं रोज सकाळी गाण्याच्या खोलीत बसून एकेक गाणं रेकॉर्ड करत होते. बाई गादीवर बसून गायच्या. निरीक्षक शेजारी स्टुलावर बसून कॉम्प्युटरचं बटण दाबायचे आणि गाणं संपेपर्यंत डोळे मिटून ऐकायचे. अशी बारा गाणी झाली. परगावी राहणाऱ्या मुलीनं फोनवर सांगितलं की गाणी माझ्याकडे पाठवण्याआधी एकदा नीट स्पीकरवर ऐका, त्या साबणाच्या डबीएवढ्या स्पीकरवर काही म्हणजे काही कळत नाही. स्टुडिओ मॉनिटर म्हणून स्पीकर मिळतात, ते आणा. काही चुकलं असेल तर ऑपरेशनच्या आधी परत गाऊन घेता येईल.

"नंतर नाही का येणार गाता?" निरीक्षकांनी विचारलं.

"येईल हो बाबा. पण आधी घेतलेलं बरं."

निरीक्षकांनी फोन ठेवला. त्या दोघातिघांच्या शेजारी आता हे "पण"ही येऊन बसलं.

नोकरीत निरीक्षकांची एक पद्धत होती. दुकानातल्या वजनावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. खात्यानं प्रमाणित केलेलं पितळी वजन ते स्वतःबरोबर न्यायचे आणि ते पारड्यात ठेवायचे. तराजू त्यांचा, वजन आपलं. मग तराजू खरा की खोटा ते दोन मिनिटांत समोर यायचं. स्पीकरही असेच तपासायचे, असं त्यांनी ठरवलं. बारा गाण्यांतलं चौथं गाणं संथ होतं आणि त्यांना श्वासान् श्वास पाठ होतं. साबणाच्या डब्यांवर ते अगदी स्वच्छ वाजत होतं. ते त्यांनी पेन ड्राइव्हवर घेतलं, पेन ड्राइव्ह चष्म्याच्या घरात ठेवला आणि ते दुकानात गेले.

दुकानदार हळू आवाजात बोलणारा, जरा वाकून ऐकणारा गृहस्थ होता. स्पीकर ऐकायला त्यानं आत एक वेगळी खोली केली होती. तिच्या भिंतींना स्पंज लावला होता, त्यामुळे आत गेल्यावर स्वतःचं खोकणंसुद्धा परक्याचं वाटायचं. त्यानं पहिली जोडी लावली. बाईंचा आवाज असा आला की जणू त्या समोरच बसल्या आहेत. निरीक्षक सुखावले, आणि पुढच्याच ओळीला त्यांनी डोळे उघडले.

"घूं येतंय," ते म्हणाले.

दुकानदारानं कान दिला. बाईंच्या आवाजाच्या मागे, खाली कुठेतरी, बंद डब्यात भुंगा अडकावा तसा एक आवाज होता. तो त्यानं नाकारला नाही. दुसरी जोडी लावली. त्यात घूं जरा जास्त आलं. तिसरी जोडी दुकानातली सर्वांत चांगली, मोठ्या स्टुडिओंत असते तसली. तिच्यावर घूं इतकं स्पष्ट आलं की त्याला चढउतार असल्याचंही कळू लागलं.

"म्हणजे जितका माल भारी तितकी खोट जास्त," निरीक्षक म्हणाले.

दुकानदारानं शांतपणे समजावलं की या स्पीकरचं कामच ते आहे. घरातले साधे स्पीकर गाणं गोड करून ऐकवतात. हे तसं करत नाहीत. "पदरचं काही घालत नाहीत साहेब, आणि आतलं काही मारत नाहीत. जे आहे ते देतात."

हे वाक्य निरीक्षकांनी पस्तीस वर्षांत प्रत्येक वाण्याकडून ऐकलं होतं, आणि बहुधा ते तराजूखालचा चुंबक सापडण्याच्या आधीचं शेवटचं वाक्य असायचं. त्यांनी मधली जोडी पाच दिवसांच्या बोलीवर घरी तपासायला नेली.

घरी घूं होतंच. निरीक्षकांनी बाईंना बोलावलं आणि चौथं गाणं लावलं. बाईंनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"काही वेगळं ऐकू येतं?"

"नाही हो. सगळं नेहमीसारखंच आहे."

आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ती असं म्हणते आहे, अशी निरीक्षकांनी स्वतःची समजूत घातली आणि दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, खोली लहान असली की असं होऊ शकतं. स्पीकर भिंतीपासून लांब ठेवा, कानाच्या उंचीवर ठेवा, आणि दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. निरीक्षकांनी पोलादी टेप काढली. त्रिकोण मिलिमीटरपर्यंत बरोबर आला, पण त्याचा तिसरा कोन कपाटात गेला. म्हणून कपाट बाहेर बोळात आलं. कपाट बोळात आल्यामुळे स्वयंपाकघरात जायला आडवं होऊन सरकावं लागू लागलं. बाई दोन दिवस पातेली डोक्यावर धरून सरकल्या. पाहुण्यांची गादी भिंतीला उभी केली, ती वाकून पडू नये म्हणून तिला शिडी टेकवली, आणि शिडी घसरू नये म्हणून इस्त्रीचं टेबल लावलं. घूं तसंच राहिलं.

मग विजेवर संशय गेला. निरीक्षकांनी फ्रिज बंद केला. घूं राहिलं, दूध गेलं. वरच्या मजल्यावर एक मावशी शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांचं मोटारीचं मशीन डोक्यावरच चालायचं. निरीक्षक वर जाऊन त्यांना दहा मिनिटं मशीन थांबवण्याची विनंती करून आले. मावशींनी थांबवलं. दहाची वीस झाली, विसाची चाळीस. शेवटी मावशी गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून खाली आल्या आणि बोळात कपाटापाशी अडकून तिथूनच बोलल्या.

"निरीक्षक, माझ्या मशीनचा काही दोष निघाला का?"

"नाही निघाला."

"मग ते वर चालू करते, आणि तुम्ही तुमचं खाली बंद करा. सकाळपासून तेच एक गाणं. माझ्या तीन शर्टांना त्या ओळीवर बाह्या उलट्या लागल्या."

इलेक्ट्रिशियन आला, त्यानं बोर्ड उघडला, अर्थिंग तपासलं आणि जाताना जिन्यावरचा दिवा बंद पाडून गेला. निरीक्षकांनी त्याला आपली वही दाखवली होती. वहीत त्यांनी घूं कधी सुरू होतं आणि कधी थांबतं याची सेकंदांसकट नोंद केली होती. दर नऊ-दहा सेकंदांनी ते अगदी क्षणभर थांबायचं आणि परत सुरू व्हायचं.

इलेक्ट्रिशियननं वही परत दिली. "काका, वीज अशी दम खात नाही. असली की असते, नसली की नसते."

दुसरा कोणीही त्या "दम"पाशी थबकला असता. निरीक्षकही थबकले, पण भलतीकडेच वळले. दम खाणारी गोष्ट खोलीत एकच होती. गाणारं माणूस एकच होतं. स्पीकर खरं बोलत असतील, वीज निर्दोष असेल, मशीन निर्दोष असेल, तर ते घूं बाईंच्या गळ्यातूनच येत होतं. गाठ आवाजापर्यंत पोचली होती. साध्या स्पीकरवर ती ऐकू येत नव्हती, आणि जो स्पीकर जास्त खरा तो ती जास्त मोठ्यानं सांगत होता.

हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. बाईंना तर नाहीच. उरलेली अकरा गाणी त्यांनी बाई बाजारात गेल्यावर ऐकली. सगळ्यांत घूं होतं. पहिल्या गाण्यातही होतं, म्हणजे दोन महिन्यांपूर्वीपासून. त्यांनी वही मिटली आणि स्टुलावर बसून राहिले. ऑपरेशनला आठ दिवस होते. ही गाणी परत गाऊन तरी काय होणार, गळा तोच. आणि ही अशीच पाठवली तर शिष्य पुढं कितीतरी वर्षं बाईंचं दुखणं ऐकत बसणार.

दुसऱ्या दिवशी ते मधली जोडी घेऊन दुकानात गेले आणि ती परत करून काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. तिथं पुढून निळे दिवे लुकलुकणारा, सुटकेसएवढा एक स्पीकर होता.

"तो लावा."

"साहेब, तो नाचायच्या गाण्यांसाठी आहे. त्यात धडधड सोडून काही नाही."

"लावा तर खरं."

दुकानदारानं लावला. बाईंचा आवाज विहिरीच्या तळातून आला, आणि संथ गाण्याला कुठून कोण जाणे पण ढोल लागला. घूं मात्र नव्हतं. निरीक्षकांचा चेहरा उजळला.

"हाच द्या."

दुकानदारानं स्पीकर बंद केला. "हा खोटं बोलतो, साहेब," तो म्हणाला.

"चालेल."

पस्तीस वर्षं ज्या माणसानं गावभरचे खोटे तराजू जप्त केले, तो आज दुकानात उभा राहून खोटा तराजू मागून घेत होता. दुकानदाराला निरीक्षकांची नोकरी माहीत नव्हती, पण त्याला स्वतःच्या मालाचा अभिमान होता. त्यानं दिव्यांचा स्पीकर विकायला साफ नकार दिला. रविवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी मी मधली जोडी घेऊन स्वतः घरी येतो, घूं कुठलं ते शोधून देतो, आणि नाही सापडलं तर हा डबा तुम्हाला तसाच देतो, असं त्यानं सांगितलं. निरीक्षक डब्याच्या आशेनं कबूल झाले.

रविवारी सकाळी दुकानदार बोळातून आडवा होऊन आत आला. त्यानं उभी गादी पाहिली, गादीची शिडी पाहिली, शिडीचं टेबल पाहिलं. स्पीकर जोडले, वायर तपासल्या. मग तो बाईंना म्हणाला, ताई, तेच गाणं आत्ता एकदा गाल का, रेकॉर्डिंग कसं करता ते मला बघायचंय. पाहुण्यांची गादी भिंतीला असल्यामुळे बाई चटईवर बसल्या. निरीक्षक नेहमीसारखे शेजारी स्टुलावर बसले, बटण दाबलं, डोळे मिटले. बाई गाऊ लागल्या.

दुकानदारानं आधी वायरीकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे, मग छताकडे. मग त्यानं निरीक्षकांकडे पाहिलं, आणि गाणं संपेपर्यंत दुसरीकडे पाहिलं नाही.

"साहेब," तो म्हणाला, "तुम्ही पाच मिनिटं बाहेर उभे राहता का?"

दवाखान्यात डॉक्टर नातेवाइकांना असंच बाहेर उभं राहायला सांगतात. निरीक्षक बोळात आले. दार लागलं. कपाटाच्या आणि भिंतीच्या मधे उभे राहून ते आतलं गाणं ऐकत राहिले. गाणं संपलं. मग आत काहीतरी बोलणं झालं आणि मग बाईंचं हसू ऐकू आलं. ते थांबलं, परत सुरू झालं, आणि मग खोकल्यासकट बराच वेळ चाललं.

दार उघडलं. दुकानदारानं दोन्ही गाणी एकामागून एक लावली. पहिल्यात घूं होतं. दुसऱ्यात बाईंचा आवाज होता, आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं.

"काय दुरुस्त केलंत?" निरीक्षकांनी विचारलं.

"काही नाही. तुम्हाला तेवढं बाहेर काढलं."

निरीक्षकांना हे समजायला वेळ लागला. आपण तोंडातून अक्षर काढत नाही, असं ते म्हणाले. तोंड बंदच असतं, दुकानदारानं मान्य केलं. बंद तोंडानंच चालू असतं. मग निरीक्षकांनी बाईंकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"लग्न झाल्यापासून आहे ते," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या गळ्याकडे कान लागले की तुमचं सुरू. मला काय कल्पना, तुम्ही ते शोधताय म्हणून? मी म्हटलं नव्हतं का, सगळं नेहमीसारखंच आहे?"

निरीक्षक शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. चष्मा काढून त्यांनी काचा पुसल्या, आणि त्या स्वच्छ होऊनही बराच वेळ पुसत राहिले. गळ्यात काही नव्हतं. गाठ गाठीच्या जागी होती. तीन जोड्या स्पीकर, एक फ्रिज, एक शिलाई मशीन आणि घरभरची वीज त्यांनी ज्या वजनानं तपासली, तेच तेवढं खोटं होतं. त्यांना इतकं बरं वाटलं की लाज वाटायला थोडा उशीरच लागला. पण ती आली, आणि आली ती बाराच्या बारा गाण्यांची मिळून आली. ऑपरेशनला पाच दिवस राहिले होते.

मधली जोडी तिथल्या तिथे विकत घेतली गेली. दुकानदार गेल्यावर कपाट आत आलं, गादी आडवी झाली आणि बाई पहिल्या गाण्याला बसल्या. बटण दाबून निरीक्षक बोळात गेले. दोन ओळींनंतर आतून हाक आली.

"अहो, आत या. भिंतीला गाऊन दाखवल्यासारखं वाटतंय."

"मी आलो की परत तेच होणार."

"मग न होईल असं काहीतरी करा, पण समोर बसा."

निरीक्षकांनी तोंडात रुमाल धरला. घूं नाकातून आलं. खडीसाखर धरली, ती दातांवर वाजली, आणि स्पीकरनं तेही इमानदारीनं सांगितलं. शेवटी त्यांनी पाण्याचा मोठा घोट तोंडात धरला. तोंडात पाणी असलं की सगळं लक्ष पाण्याकडे राहतं, आणि गाण्याकडे लक्ष नसलं की घूं येत नाही, असा शोध लागला. याचा अर्थ बायकोची बारा गाणी त्यांना बायकोच्या समोर बसून न ऐकता काढायची होती. ती त्यांनी गाल फुगवून, डोळे उघडे ठेवून काढली. नवव्या गाण्यात एका जागेला बाईंचा आवाज असा काही वर गेला की निरीक्षकांनी पाणी गिळलं. ते गाणं परत गावं लागलं. चौथ्या दिवशी दुपारी बारावं गाणं संपलं, मुलीकडे गेलं, आणि संध्याकाळी बाईंनी दवाखान्याची पिशवी भरली.

ऑपरेशन दीड तास चाललं. गाठ निघाली. सर्जननी बजावलं की दहा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. आवाजाचं काय झालं ते अकराव्या दिवशी कळेल. त्या दहा दिवसांत बाईंनी घर टिचकीवर चालवलं. एक टिचकी म्हणजे इकडे या, दोन म्हणजे राहू द्या, आणि तीन म्हणजे डाळ करपतेय. निरीक्षकांनी नवी गाणी एकदाही लावली नाहीत. अकराव्या दिवसाच्या आधी ती ऐकायची त्यांची छाती झाली नाही.

अकराव्या दिवशी सर्जननी पट्टी काढली, आरसा घालून घसा पाहिला, फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"हं, आता बोला काहीतरी. काहीही बोला. घाई नको."

बाईंनी आवंढा गिळला. निरीक्षक कोपऱ्यातल्या खुर्चीत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते, आणि त्यांचे डोळे बायकोच्या गळ्यावरच्या बारीक लाल रेघेला चिकटले होते. बाईंनी सर्जनकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. मग मान हळूहळू वळवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आवाज जरा घोगरा होता, पण तोच होता.

"अहो," त्या म्हणाल्या, "सूर जरा खाली लागतोय तुमचा."

निरीक्षकांनी तो वर घेतला.